पप्पांची ट्रामाडॉल आणि रात्रीची रम, काय करू?

खडकीची लेक:
पप्पा सुभेदार म्हणून रिटायर झालेत. मणक्याचं ऑपरेशन होऊनही कंबर दुखतेच म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिलीय. पण कॅन्टीनची रम रोज रात्री असतेच, आधी दोन पेग होते आता तीन-चार झालेत, आणि त्याच ग्लासातल्या उरलेल्या घोटाबरोबर गोळी घेतात. परवा रात्री त्यांचं घोरणं भलतंच वेगळं येत होतं, मधेच श्वास थांबल्यासारखा, हाका मारल्या तरी उठेनात, खांदा गदागदा हलवला तेव्हा कुठे डोळे उघडले. रात्रभर उशाशी बसून होते मी. डॉक्टरांना त्यांनी दारूचं सांगितलेलंच नाही. आई म्हणते बाटल्या मोरीत ओतून टाकू. टाकू का?

वानवडी नर्स:
ताई, बाटल्या ओतू नका प्लीज. रोज घेणाऱ्याची एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि ट्रामाडॉलने फिटचा धोका अजून वाढतो. गोळीही मनाने बंद करायची नाही. ही गोळी आणि दारू दोन्ही मेंदूतून श्वास मंद करतात, तुम्ही ऐकलंत ते घोरणं त्यातलंच असणार, त्यामुळे उद्यावर ढकलू नका, आजच डॉक्टरांना सगळं सांगा, झोपेची गोळी चालू असेल तर तीही. परत तसं झालं आणि उठत नसतील किंवा ओठ निळे दिसले तर कुशीवर वळवा आणि लगेच 108 लावा.

रिटायर्ड हवालदार:
पोरी, मी गुडघ्यासाठी हेच करत होतो. रात्री दोनला कळ यायची, पेग मारला की तासभर बरं वाटायचं, मग परत दुखायचं आणि परत पेग. घरचे ओरडले की मी लपवून प्यायचो. शेवटी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांनी शांतपणे दारूबद्दलचे 10 प्रश्न विचारले, किती घेता, सकाळी लागते का, असे, तेव्हा पहिल्यांदा खरं बोललो. औषध बदललं, फिजिओ लावली, दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे, 1986 पासून हेच काम करतात. पप्पांशी दारूवरून सुरुवात करू नकोस, आधी विचार रात्री किती दुखतं.

खडकीची लेक:
काका, तसंच विचारलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले झोपच लागत नाही गं. स्वतःच उठून फाईल काढली. आत्ता निघतोय, तीन-चार पेगचं मी सांगणार आहे, ते नाही म्हणाले नाहीत.