माडगूळकरांच्या मुलखात तुम्ही कोणत्या वाटेनं शिरलात? (अनुभव धागा)

मंडळी,

गेली काही वर्षं मी एका छोट्या वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस पुस्तकं लावायला जाते. परवा व्यंकटेश माडगूळकरांची पुस्तकं एकत्र ठेवायची म्हणून काढली आणि अडून बसले. 'बनगरवाडी' कादंबरीच्या कपाटात. 'माणदेशी माणसं' व्यक्तिचित्रांत. 'पती गेले गं काठेवाडी' नाटकांत. 'नागझिरा' निसर्गाच्या फळीवर, 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे' प्रवासवर्णनात. आणि 'सत्तांतर'? कादंबरी म्हणून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण आत सगळी वानरं! 'सांगत्ये ऐका'ची पटकथा त्यांचीच, तिला तर आमच्याकडे फळीच नाही.

एकच माणूस इतक्या कपाटांत विखुरला होता. शेवटी मी सगळी पुस्तकं एका फळीवर आणली आणि वर नुसतं 'तात्या' असं लिहिलं. त्यांच्या घरात थोरले भाऊ, कवी गदिमा, ते अण्णा आणि हे तात्या.

१९२७ मध्ये माडगुळ्यात, तेव्हाच्या औंध संस्थानात, जन्म. शाळा अर्धवट सुटली. पोरवयात मास्तरकी केली, स्वातंत्र्यचळवळीत भूमिगत राहिले, चित्रकार व्हायचं मनात होतं. पुढे जवळपास तीस वर्षं आकाशवाणी पुणे केंद्रावर काढली. २००१ मध्ये गेले. मला वाटतं, त्यांनी प्रकार बदलले असं म्हणणंच बरोबर नाही. ते आधी चित्रकारासारखं बघत राहायचे, आणि बघितलेलं जसं मागेल तसं लिहायचे.

मी स्वतः शाळेत 'माणदेशी माणसं'मधल्या 'धर्मा रामोशी'मधून शिरले. धर्माला दिलेलं धोतर त्याच्या अंगावर दिसत नाही, कारण ते त्याच्या लेकीनं लुगडं म्हणून नेसलेलं असतं. हे लेखक सांगत नाही, दाखवतो आणि गप्प बसतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईची जुनी लुगडी ठेवलेली ट्रंक उघडून कितीतरी वेळ बसले होते.

तुम्ही कुठून शिरलात? लिहा. लांब झालं तरी चालेल.

*

एक निवृत्त शिक्षिका

१९८७ मध्ये जत तालुक्यातल्या एका वस्तीवर माझी पहिली नेमणूक झाली. एकशिक्षकी शाळा. एसटी तीन किलोमीटर अलीकडे सोडायची, तिथून पायी. वडिलांनी पेटीत 'बनगरवाडी' ठेवली होती, म्हणाले, "घाबरशील तेव्हा वाच."

पहिल्याच पानावर तो कोवळा मास्तर पहाटे एकटा चालत निघालाय. माझ्या पायाला तीच धूळ लागलेली होती. पण खरी सोबत पुढे झाली. दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारी पत्र लिहून घ्यायला आली. मग मनिऑर्डरीचा फॉर्म, मग सात-बारावरच्या नावाची चूक, मग सुनेचं आणि सासूचं भांडण. मी बावीस वर्षांची, मला कुणी विचारावं असं काय होतं? कादंबरीतल्या मास्तरलाही लोक असंच सगळं विचारतात आणि तोही शिकवता शिकवता गावाचा होऊन जातो. मला डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दिवाळीनंतर पटावरची निम्मी पोरं मेंढरांमागं निघून जायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी हजेरी बघून मला फार बोललं. रात्री मी रडले. आणि मग पुन्हा तेच पुस्तक काढलं. पोरगं शाळेत बसलं तर मेंढरामागं कोण जाणार, हा त्यातल्या आईबापांचा प्रश्न सोळा आणे खरा होता. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी मेंढरं सुटायच्या आत एक तास शाळा भरवायला लागले. अकरा पोरं यायची. त्यातली एक मुलगी आज परिचारिका आहे, दरवर्षी दिवाळीला फोन करते, अजून 'बाई' म्हणते.

कादंबरीतला मास्तर गावाकडून तालीम उभी करून घेतो. आम्ही वस्तीवर पाण्याची टाकी बांधली. लोकांनी दगड वाहिले, मी हिशेब ठेवला. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

*

पटकथालेखनाचा एक विद्यार्थी

बाईंचा अनुभव वाचून आधी हे लिहितो : अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' (१९९५) बघितला नसेल तर नक्की बघा. त्याची पटकथा माडगूळकरांचीच आहे. पुस्तक आलं १९५५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी लेखक आपल्याच गावात परतला.

मी एक महिना पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून अभ्यास केला. कादंबरीत सगळं 'मी' सांगतो. पडद्यावर तो 'मी' बोलत राहिला असता तर सिनेमा मेला असता. तिथं मास्तरचं काम बघण्याचं झालं आहे. कारभारी बोलतो (चंद्रकांत मांढरे, काय चेहरा तो!) आणि मास्तर ऐकतो. ऐकणारा माणूस नायक होऊ शकतो, हे मला वर्गात दोन वर्षांत कळलं नव्हतं. माझ्या पहिल्या पटकथेतला नायक पानंच्या पानं बोलत होता. मी त्याची अर्धी वाक्यं काढून टाकली. उरलेला माणूस बरा निघाला.

दुसरी गोष्ट आजीची. तिनं 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये पाहिला होता. १९५९ चा सिनेमा, तिथं १३१ आठवडे चालला. तिला 'बुगडी माझी सांडली गं' तोंडपाठ, गाणं गदिमांचं हेही ठाऊक. पटकथा त्यांच्या धाकट्या भावाची आहे हे मी सांगितलं तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणून ती माणसं खरी वाटायची होय." पटकथाकाराचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

नागझिऱ्याच्या बाजूचा एक गाईड

माझं शिक्षण बारावी. पर्यटक येतात ते एकच विचारतात, वाघ दिसेल का? वानरं दिसली की गाडी पुढे घ्यायला सांगतात. एकदा एका वयस्कर साहेबांनी जाताना मला 'सत्तांतर' दिलं. म्हणाले, वाच आणि मग वानरांकडे बघ.

पातळ पुस्तक आहे. दोन बैठकांत संपलं. त्यात माणसाची गोष्ट नाही, वानरं माणसासारखी बोलत नाहीत. मुडा नावाचा टोळीचा नर, त्याच्या माद्या, पिल्लं, हद्द, आणि बाहेरून टपलेले नर. टोळी दुसऱ्या नराच्या हातात गेली की तो आधीची पिल्लं मारतो. मला ते वाचून राग आला होता. लेखकानं असं का लिहावं?

दोन उन्हाळ्यांनंतर मी ते डोळ्यांनी पाहिलं. आमच्या गावाजवळच्या टोळीत नवीन नर घुसला. तीन दिवस नुसता आरडाओरडा. मग एक मादी मेलेलं पिल्लू छातीशी धरून फिरताना दिसली. दोन दिवस तिनं ते सोडलं नाही. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो, हे कारण पुढे वनखात्याच्या प्रशिक्षणात कळलं. कारण माहीत नसतानाही पटावं, इतकं माडगूळकरांनी ते नीट बघितलं होतं. आधी हा माणूस शिकारी होता. बंदूक खाली ठेवून दुर्बीण घेतलेल्याची नजर अशी असते, मी आमच्या गावात असे दोघं पाहिलेत.

आता मी वानरांपाशी गाडी थांबवतोच. पाच मिनिटं. कुणी कुरकुर केली तरी थांबवतो.

*

हौशी रंगकर्मी

थोडक्यात लिहितो. कॉलेजात माडगूळकरांचं 'देवाजीने करुणा केली' हे नाटक बसवलं होतं, मी प्रॉम्प्टर. ब्रेख्तच्या नाटकाचं हे रूपांतर आहे हे मला शेवटच्या तालमीपर्यंत माहीत नव्हतं. इतकं ते इथलं वाटत होतं. रूपांतर म्हणजे नावं बदलणं नव्हे, हे मी पडद्याआड वही धरून शिकलो.

*

सातारा जिल्ह्यातून

मी 'वावटळ'बद्दल लिहितेय. बराच विचार करून.

१९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात आमचा वाडा जळला. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. घरात या विषयावर कधी कुणी बोललं नाही. फक्त देवघरात एक काळी पडलेली पितळी समई होती, ती कधी घासायची नाही असा दंडक होता. का, ते विचारायचं नाही.

एम.ए.ला असताना 'वावटळ' हाती आली. पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेला तरुण, वाटेत पेटलेली गावं. मी ती सुट्टीत घरी नेली. ओसरीवर वाचत होते. आजोबांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि पुस्तक मागून घेतलं. चार दिवस त्यांच्याकडेच होतं. पाचव्या दिवशी परत देताना म्हणाले, "यानं कुणाला शिव्या दिलेल्या नाहीत."

एवढंच. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बोलले. कोण आले होते, त्यांच्यातलं कोण रात्री गुपचूप भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवून गेलं, गाय कुणी सोडवली. सगळी नावं त्यांना पाठ होती, जाळणाऱ्यांची आणि भाकरी आणणाऱ्यांचीही. दोन नावं दोन्हीकडे होती.

समई आम्ही अजून घासलेली नाही.

*

आटपाडीकडचा एक

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील मेंढपाळ. शाळेत गेले नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत मी पाच महिने गावी होतो, तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की त्यांना 'बनगरवाडी' वाचून दाखवायचो.

पहिल्या दिवशी ते माझ्याकडे पाठ फिरवून बसले होते. आमच्या लोकांवर कुणी काय लिहिलं असंल, असा भाव. तिसऱ्या दिवशी तोंड माझ्याकडे फिरवलं. मग मध्येच थांबवायला लागले. "कोकराचं फिरून वाच." मी फिरून वाचायचो. कारभाऱ्याच्या बोलण्याला मान हलवायचे, जणू समोर बसलाय. "ह्यो आमच्यात बसल्याला माणूस हाय," म्हणाले. मी सांगितलं, माडगुळ्याचे, बामणाचे. तर म्हणाले, "आसंना. बसल्याला हाय."

शेवटी दुष्काळ येतो. मेंढरं पटापटा मरतात, माणसं वाडी सोडून जगायला जातात. ते वाचताना वडिलांनी हात वर केला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरानं सगळा कळप मिळेल त्या किमतीला विकला होता आणि आजा-आजी खडी फोडायला गेले होते. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव त्यांना अजून आठवते. थोड्या वेळानं म्हणाले, "हं, वाच."

मी शेवटचं पान वाचलं. मास्तरही जातो. पुस्तक मिटलं. वडील बराच वेळ अंधारात वाघरीकडं, मेंढरांभोवतीच्या जाळीकडं, बघत राहिले. मग विचारलं, "मास्तर गेला. मग शाळंची किल्ली कुणापाशी दिली त्यानं?"

मला सांगता येईना. मी पानं मागं उलटायला लागलो.

"बघ बघ," म्हणाले, "लिवलं आसंल त्यानं."