मदत हवी आहे: माळ्यावर जुनी बारूद सापडली, काय करावं?

पाडव्याच्या आधी घराचा पोतारा काढून राहिलो, तं माळ्यावर आबाजीच्या भरमार (नळीच्या तोंडातून बारूद भराच्या) बंदुकीच्या बारुदीचा पत्र्याचा डबा सापडला. बंदूक लायसनची होती, रानडुकरांसाठी, आबाजी वारल्यावर ठाण्यात जमा केली, पण डबा तसाच राहून गेला. झाकण गंजून पार चिकटलं आहे, बुडाशी भोक पडून काळे दाणे सांडलेत आणि त्यावर पांढरट पापुद्रा आला आहे.

एक जण म्हणते होळीत टाक, दुसरा म्हणते विहिरीत. मी दोन्ही करणार नाही. कोंडलेली बारूद पेटली की डबाच फुटते, आणि विहिरीत टाकली तं बारुदीतला सोरा (मिठासारखा क्षार) पाण्यात विरघळते, तेच पाणी ढोरं पितात. जुनी झाली म्हणून ती मेली असं नसते, ओली झालेली वाळली का पुन्हा पेटू शकते.

सध्या लेकरांना बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं, डब्याला हातही नाही लावला, कारण गंजलेलं झाकण घासून ठिणगी पडाची भीती वाटते. आता ११२ वर फोन करू का सरळ ठाण्यात जाऊ? बंदूक जमा केल्याची पावती दाखवा लागते का? विस्फोटकांचं मुख्य ऑफिस नागपूरलेच आहे, पण गावातल्या माणसानं आधी तिथं विचाराव का पोलिसांना? कोणी हे केलं असेल तं लवकर सांगा, ऊन वाढून राहिलं आणि वर टिनाचं छप्पर आहे.