विषय: सदनिका विक्रीवरील करपरतावा मिळण्याऐवजी आलेली मागणी

प्रेषक: एक सभासद, मेलबर्न
२ डिसेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

मुद्रांक शुल्क धरून ३२ लाखांना २००९ साली घेतलेली कोथरूडची सदनिका मी गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ९० लाखांना विकली. मी अनिवासी असल्यामुळे खरेदीदाराने संपूर्ण किमतीवर १४.३ टक्के, म्हणजे १२ लाख ८७ हजार रुपये, करापोटी कापून उरलेली रक्कम माझ्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) भरली. ५८ लाखांच्या नफ्यावरचा कर अधिभार आणि उपकरासह ८ लाख २९ हजारांच्या आसपास होतो, तेव्हा साडेचार लाखांवर परतावा मिळेल, या हिशेबाने जुलैमध्ये विवरणपत्र भरले आणि त्याच दिवशी ई-पडताळणीही केली. गेल्या आठवड्यात विवरणपत्र तपासल्याची, प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४३(१) खालची सूचना आली. तिच्यात परतावा शून्य असून संपूर्ण कर व्याजासह भरावा, अशी मागणी आहे. खरेदीदाराने कर भरल्याचे चलन माझ्याजवळ आहे. पुण्यातील सल्लागार थोडी वाट पाहण्यास सांगतात. काका, आपण अनेक वर्षे हेच काम केलेले असल्यामुळे आपले मत कळावे, ही विनंती.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
३ डिसेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

वाट पाहून यात काहीही होणार नाही. आपला परतावा रेंगाळलेला नसून आपल्या नावावर कर जमाच झालेला नाही, आणि या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत.

चलन भरल्याने पैसे सरकारकडे पोहोचतात, परंतु ते कोणाच्या नावे कापले हे चलनावरून कळत नाही. ते खरेदीदाराने भरावयाच्या २७क्यू या तिमाही विवरणातून कळते. त्यात आपला पॅन आणि कापलेली रक्कम नोंदवली गेली, की ती आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस या तक्त्यात दिसू लागते. ऑक्टोबरमधील कपातीसाठी या विवरणाची मुदत ३१ जानेवारी २०२५ ही होती. एकदाच घर घेणाऱ्या माणसाला हे सहसा ठाऊक नसते, कारण विक्रेता निवासी असेल तर १ टक्का कापून २६क्यूबी हा अर्ज भरला की काम संपते. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रात विवरणपत्राची तपासणी यंत्र करते. त्याला २६एएसमध्ये नोंद दिसली नाही, म्हणून त्याने कर न भरल्याचे गृहीत धरले. आपला तक्ता उघडून पाहा. माझा अंदाज असा, की तेथे एनआरओ ठेवींवरील व्याजाच्या कपातीखेरीज काही दिसणार नाही. तसे असेल, तर खरेदीदाराला ते २७क्यू विवरण विलंबशुल्कासह आता भरायला सांगा; खरा उपाय तोच आहे.

मागणीला प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर ‘असहमत’ असे उत्तर मात्र आजच द्या आणि चलनाची प्रत सोबत जोडा. कापला गेलेला कर ज्याच्याकडून कापला त्याच्याकडूनच पुन्हा वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते. उत्तर दिले नाही, तर पुढच्या वर्षीचा व्याजावरील परतावा कलम २४५ खाली या मागणीत वळता होण्याची शक्यता राहते. कलम १५४ खालचा दुरुस्ती अर्ज मात्र २६एएसमध्ये रक्कम दिसेपर्यंत करू नका. यंत्र पुन्हा तोच निकाल देईल. या अर्जासाठी चार वर्षांची मुदत आहे.

ज्यांची घरे अजून विकायची आहेत, त्यांनी व्यवहाराआधी कलम १९७ खाली कमी कपातीचा दाखला काढावा; मग कपात नफ्याच्या हिशेबाने होते आणि पैसे अडकतच नाहीत. हा दाखला काढण्याचा कंटाळा फार महागात पडतो, हे मी इथल्या किती जणांना सांगितले असेल, याची गणती नाही.

प्रेषक: आणखी एक सभासद
३ डिसेंबर २०२५

काकांच्या पत्राला एक छोटी पुरवणी. माझा पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे २०२३ साली निष्क्रिय दाखवला गेला होता. अनिवासींना त्या अटीतून सूट असली, तरी आपण अनिवासी असल्याचे विभागाला आपणच कळवावे लागते, आणि तोवर परतावा निघत नाही. तसेच परताव्याचे खाते पूर्वप्रमाणित (पोर्टलवर आधीच पडताळलेले) आहे का, हेही पाहून घ्यावे. माझे जुने बचत खाते एनआरओ झाल्यानंतर ते काम मला नव्याने करावे लागले.

प्रेषक: पहिल्या सभासद
६ डिसेंबर २०२५

काका, आपला अंदाज खरा ठरला. तक्त्यात ती रक्कम नाही. मागणीला उत्तर दिले, पॅन सक्रिय आहे आणि खातेही पूर्वप्रमाणित आहे. खरेदीदारांशी बोलणे झाले. गृहस्थ सज्जन आहेत, पण दिवसाला २०० रुपयांप्रमाणे विलंबशुल्क साठ हजारांवर गेल्याचे ऐकून ते हबकले आणि निम्मे शुल्क मी द्यावे, असे सुचवत आहेत. द्यावे का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
६ डिसेंबर २०२५

कायद्याने ती जबाबदारी संपूर्णपणे त्यांची आहे, आणि हे त्यांना लेखी कळवावे. तरीही साडेचार लाख अडकलेले असताना तीस हजारांवरून पत्रव्यवहार लांबवणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण शुल्क रोज वाढते आहे. मी असतो, तर निम्मी रक्कम दिली असती. मात्र विवरण भरून कर कापल्याचा १६ए हा दाखला हाती आल्यावर, त्याआधी नाही.