मदत हवी आहे : कवटीचं हाड परत बसवताना इन्फेक्शनचा धोका कशाने वाढतो?

रुग्ण माझे मामा, वय ४६. दुचाकीच्या अपघातानंतर मेंदूला सूज आली म्हणून उजव्या बाजूचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. त्याला ११ आठवडे झाले. हाड बसवायची, म्हणजे क्रेनिओप्लास्टीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. एचबीएवनसी (रक्तातल्या शुगरची तपासणी) ९.१, तंबाखू चालू. कानापुढच्या व्रणावर एक खपली आहे. ती पडते, पुन्हा धरते, उशीला ओलसर डाग लागतो. या आठ दिवसांत काय करता येईल?

प्रतिसाद १
आधी खपली. ११ आठवड्यांनीही ओल येते म्हणजे जखम भरलेली नाही. आत दोरा राहिला असेल, बारीक इन्फेक्शन असेल, नाहीतर मेंदूभोवतालचं पाणी पाझरत असेल. परत बसवलेल्या हाडाला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यावर थर धरतात आणि अँटिबायोटिक तिथवर पोचत नाही. मग हाड पुन्हा काढायचं, काही आठवडे औषधं, आणि नव्याने बसवायला बहुधा काही महिने थांबायचं. खपलीचा फोटो आजच सर्जनना पाठवा. हळद, पावडर काहीही लावू नका.

एचबीएवनसी आठ दिवसांत उतरत नाही, ती साधारण तीन महिन्यांची सरासरी. रोजची शुगर मात्र इन्सुलिनने आणता येते. ऑपरेशनच्या आगेमागे १८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तात जातंच आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात. निदान चार आठवडे बंद हवी. म्हणजे तारीख पुढे गेली तर वाईट वाटून घेऊ नका. अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रथिन) तपासून घ्या, ३.५ च्या खाली असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

प्रतिसाद २
सहमत, पण थांबणंही फुकट नसतं. हाड काढलेल्या जागेचा खड्डा खोल जात असेल, उठून बसल्यावर डोकं दुखत असेल किंवा डाव्या हातापायातली ताकद कमी होत असेल तर ते लगेच सांगा. पोटातलं हाडही झिजतं, मग कडा जुळत नाहीत.

कानापुढून डोक्याच्या कातडीला रक्त देणारी धमनी जाते. पहिल्या ऑपरेशनमध्ये ती कापली गेली असेल तर तिथली कातडी भरायला त्रास देते. प्लास्टिक सर्जनचं मत घ्या. हाडाऐवजी टायटॅनियम किंवा पीक (PEEK, एक कडक प्लास्टिक) घातलं की इन्फेक्शन होत नाही, हा गैरसमज. पातळ कातडीतून टायटॅनियमची जाळी बाहेर डोकावू शकते.

धागाकर्ता
शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) पण आहे, लिहायचं राहिलं. नंतर काय बघायचं?

प्रतिसाद १
हे महत्त्वाचं! शंटने पाणी जास्त ओढलं तर हाडाखाली पोकळी राहते आणि तिथे रक्त साचतं. व्हॉल्व्ह बाहेरून बदलता येणारा असेल तर सर्जन प्रेशर वाढवून ठेवू शकतात. शंटचं कार्ड सोबत न्या.

पहिले दोन दिवस भीती रक्त साचण्याची: सुस्ती, उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. इन्फेक्शन मात्र महिन्यांनीही डोकं वर काढतं, तेही ताप नसताना. व्रणाजवळ लाली, मऊ फुगवटा किंवा पुन्हा तसाच ओला डाग दिसला की त्याच दिवशी दाखवा. पोटाची जखमही रोज बघा. फिटच्या गोळ्या मनाने थांबवू नका.