ज्युरासिक पार्क: पाणी, जेली आणि न लागणारं बक्कल

मधली_रांग

प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

१९९३ चा 'ज्युरासिक पार्क', म्हणजे एका बेटावरच्या पार्कात नव्याने जन्माला घातलेल्या डायनासोरांचा पिक्चर, मी नऊ वर्षांची असताना थिएटरात पाहिला. दादाच्या शेजारी बसून, आणि निम्मा तर दादाच्या कोपराआडून. नंतर टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत कितीदा तरी बघितला असेल, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत असा परवाच. लेकीला दाखवायला लावला. ती आता नऊचीच आहे. रिमोट तिच्या हातात, म्हणजे दर पाच मिनिटांनी पिक्चर थांबलेला.

पहिला धक्का हा की डायनासोर आहेतच कुठे? माझ्या आठवणीत पडदाभर तेच होते. प्रत्यक्षात दोन तास सात मिनिटांत ते सगळे मिळून जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात, आणि टी-रेक्स तर तास उलटल्यावर उगवतो. बाकीचा वेळ माणसं आ वासून कुठेतरी बघतात आणि आपण त्यांची तोंडं बघत बसतो. लहानपणी हे मला फसवणूक वाटलं असतं. वाटलं कसं नाही, हेच नवल.

मग ते हेलिकॉप्टर. बेटावर उतरताना ते हेलकावे खायला लागतं, सगळे आपापले पट्टे लावतात. डायनासोरांची हाडं उकरणाऱ्या ग्रँटच्या हातात मात्र दोन्ही टोकं खाचेचीच येतात. आत सरकवायची पट्टी कुठल्याच टोकाला नाही. लेकीने पिक्चर थांबवला. "आई, दोन्ही सारखीच आहेत, मग लागणार कशी?" ग्रँट जरा झटापट करतो आणि शेवटी सरळ गाठ मारून मोकळा होतो.

हा प्रसंग मी आजवर गंमत म्हणून हसून सोडून दिला होता. परवा एकदम ताठ बसले. कारागीर मंडळी खाचेच्या टोकाला मादी म्हणतात. म्हणजे दोन माद्या, आणि तरी गाठ बसली! पुढे पार्कवाले छातीठोकपणे सांगतात की आम्ही सगळ्या माद्याच जन्माला घातल्यात, त्यामुळे पिल्लं होणं शक्यच नाही. आणि मग झाडाच्या मुळाशी ग्रँटला अंड्यांची टरफलं सापडतात.

तिसरी गोष्ट जेलीची. गाडीतल्या पेल्यातलं पाणी थरथरतं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण शेवटाकडे लेक्स, ग्रँटबरोबरच्या दोन मुलांपैकी मुलगी, खूश होऊन जेली खात बसलेली असते आणि चमच्यातली जेली लटलट हलायला लागते. समोरच्या भिंतीवर रॅप्टर रंगवलेला आहे, आणि त्या चित्रामागून खऱ्या रॅप्टरची सावली सरकते. पाणी हललं ते टी-रेक्सच्या पावलाने. जेली हलते ती तिच्या हाताने. इतकी वर्षं मला ही दोन दृश्यं एकमेकांची भावंडं आहेत हे दिसलंच नव्हतं.

तर प्रश्न: हे सगळं बेतून केलेलं असतं, की वय वाढलं की आपल्याला प्रत्येक बक्कलात अर्थ दिसायला लागतो? आणि पुन्हा बघताना तुम्हाला काय सापडलं?

ता. क. टी-रेक्स गाड्यांवर चालून येतो तेव्हा जोरदार ढोल वाजतात, हे मी शपथेवर सांगितलं असतं. लेक म्हणते, "कुठे गं?"

कानसेन

लेक बरोबर आहे. तिथे संगीत नाहीच. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना त्या अख्ख्या हल्ल्यात एक सूर नाही. पाऊस, कुंपणाच्या तारा एकेक करून तटकन तुटण्याचा आवाज, पत्रा चेपल्याचा आवाज, बस. तुमचे ढोल म्हणजे त्याची पावलं. एकदा टीव्हीकडे पाठ करून तो प्रसंग नुसता ऐका.

आवाजाचं काम गॅरी रायडस्ट्रॉमचं. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर एकत्र आहेत. तो त्या पळणाऱ्या कळपातल्या एकाला तोंडात धरून झिंजाडतो, तिथे रायडस्ट्रॉमच्या घरचं छोटंसं कुत्रं आहे, खेळणं तोंडात धरून हिसके देणारं. हे कळल्यापासून मला त्या दृश्याची भीती वाटेनाशी झाली, जरा वाईटच झालं. रॅप्टर एकमेकांना भुंकल्यासारखी साद घालतात ती मुळात कासवांच्या समागमाची आहे. हे लेकीला इतक्यात सांगू नका.

पाण्याचं म्हणाल तर ते बेतलेलंच. स्पीलबर्गच्या गाडीत गाणं मोठ्याने लागलं होतं, खर्जाच्या ठोक्यांनी आरसा थरथरला, त्याला तसं काहीतरी हवं झालं. पेल्यात मधोमध नेटकी वर्तुळं काही केल्या उठेनात. शेवटी स्पेशल इफेक्ट्सवाल्या मायकल लँटिएरीने गिटारची तार वापरली. ती गाडीखालून ताणली आणि खालून एक माणूस ती छेडत होता. एवढी उस्तवारी पेलाभर पाण्यासाठी! त्या वर्षी या पिक्चरला मिळालेल्या तीन ऑस्करपैकी दोन आवाजाची आहेत, ती उगाच नाहीत.

शंकासुर

पाणी मान्य. बक्कल अमान्य.

टी-रेक्ससाठी बकरी बांधतात तिथे कुंपणापलीकडे सपाट जमीन आहे. तिथूनच तो चालत रस्त्यावर येतो. थोड्या वेळाने त्याच बाजूला गाडी ढकलतो, तर खाली खोल कडा! कडा काय पावसाने पडला? पार्कचा फितूर संगणकवाला नेड्री धक्क्यावरच्या माणसाशी 'थेट' बोलतो, त्या खिडकीखाली व्हिडिओ किती वाजून झाला ते दाखवणारी पट्टी सरकताना स्पष्ट दिसते. भ्रूण चोरतो त्या कुप्यांवर तर स्टेगोसॉरसचं स्पेलिंगच चुकलंय. ज्यांना डायनासोरांच्या पिक्चरमध्ये डायनासोरचं नाव धड लिहायला सवड नव्हती, त्यांनी पट्ट्यात जीवशास्त्र भरलं म्हणता? ग्रँटला यंत्रं जमत नाहीत, एवढंच दाखवायचंय तिथे. सुरुवातीला तो नुसता हात लावतो आणि संगणकाचा पडदा बिघडतो, तोच धागा.

मधली_रांग

@शंकासुर, कड्याचं वाचून मी पुन्हा लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. तीसेक वर्षं दिसलं नव्हतं! आता दुसरं काही दिसतच नाही, धन्यवाद हं.

पण कड्याकडे पिक्चरमध्ये कोणी वळून बघत नाही. कुपीवरची चिठ्ठी कोणी वाचून दाखवत नाही. बक्कलाशी मात्र ग्रँट झालेला सॅम नील रीतसर झगडतो, कॅमेरा त्याच्यावर थांबतो, आणि सुटका होते ती गाठ मारूनच. यंत्र जमत नाही एवढंच दाखवायचं तर पट्टा नुसता अडकवून ठेवता आला असता. माझं मत बेतलेलं याच बाजूला.

हाडवैद्य

माझ्या भाच्याला दाखवताना मी ठरवून चुका काढायला बसलो होतो. टी-रेक्स ज्युरासिकमधला नव्हेच, तो त्यानंतरच्या क्रिटेशियसमधला. डिलोफोसॉरसची गळ्याची झालर आणि विषारी थुंकी काल्पनिक. खरा व्हेलॉसिरॅप्टर जेमतेम टर्कीएवढा होता. आणि इथेच मी अडकलो. सुरुवातीला उत्खननावर तो आगाऊ मुलगा रॅप्टरला मोठी टर्की म्हणून हिणवतो आणि ग्रँट खिशातलं रॅप्टरचं नख काढून त्याची पाचावर धारण बसवतो. आकारापुरतं बोलायचं तर पोरगं ग्रँटपेक्षा खऱ्याच्या जवळ होतं! २००७ साली तर व्हेलॉसिरॅप्टरच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसं रुतण्याच्या गाठी सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

चुका काढता काढता शेवट आला. हेलिकॉप्टर समुद्रावरून परत चाललंय, ग्रँट खिडकीतून पेलिकन बघतोय. हाच माणूस सुरुवातीला पक्षी आणि डायनासोर यांच्या नात्यावर बोलला होता आणि आजूबाजूचे हसले होते. हेलिकॉप्टरमध्ये मात्र कोणी एक अक्षर बोलत नाही. भाचाच म्हणाला, "मामा, मग ते मेलेच नाहीत." मी वही मिटली.

त्या नखाचं पुढे काय होतं, ते बघितलंत का?

मधली_रांग

नव्हतं बघितलं. काल तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा लावला.

रात्र झालीय, ग्रँट झाडावर. दोन्ही अंगांना दोन मुलं, ज्या मुलांच्या गाडीत बसायचंसुद्धा तो टाळत होता ती. त्याला बूड टेकायला जमत नाही, खिशात काहीतरी टोचतंय. काढतो, तर तेच नख. क्षणभर बघतो आणि खाली टाकून देतो. दोन सेकंद असतील. लहानपणी त्या वेळी मी बहुतेक दादाला विचारत होते, रॅप्टर कधी येणार.

लेकीने तिथे पिक्चर मागे घेतला. मला वाटलं, हिलाही कळलं. तर बाईसाहेब म्हणतात, "एवढं भारी होतं ते, मला दिलं असतं तर?"

@कानसेन, कासवांचं तिने माझ्या खांद्यावरून वाचलंय. समागम म्हणजे काय, हा प्रश्न सकाळपासून दोनदा आलाय. उत्तर तुम्ही टाइप करा.