गॅलॅक्सच्या फिडल (व्हायोलिन) मेळाव्यासाठी तारा कोणत्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शनला जातोय. १९३५ पासून भरणारा अ‍ॅपलाचियन या अमेरिकी डोंगररांगेतल्या संगीताचा हा मेळावा. लेक हिंदुस्तानी व्हायोलिन वाजवते. स्पर्धेत उतरायचं नाहीये, फेल्ट्स पार्कात तंबूंपाशी रंगणाऱ्या जॅममध्ये (सगळ्यांनी मिळून केलेल्या उत्स्फूर्त वादनात) बसायचंय, आणि त्याची तिला फार ओढ आहे.

तिथे ए सुरातल्या बऱ्याच चालींना फिडल नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी ए-ई-ए-ई लावतात. म्हणजे आपलं सा-प-सा-पच, त्यामुळे तिची बोटं लगेच बसली. अडचण तारांची आहे. जी आणि डी एकेक सूर चढवल्या की खर्जाची तार थोड्याच वेळात उतरते, खुंटी सरकते. खुंटीला खडू लावला, सिंथेटिक तारांचा नवा संच घातला, फाइन ट्यूनर (बारीक जुळणीचे स्क्रू) चारही तारांना आहेतच. जी-डी-जी-डी उतरवून लावलं तर स्थिर राहतं, पण बँजोवाले दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारी पकड) लावून तासन्‌तास ए मध्येच वाजवत बसतात, तिथे ते जुळत नाही.

दुसरं व्हायोलिन घेणं सध्या शक्य नाही. कुणी तिथे वाजवलंय का? स्टीलच्या तारांवर ए-ई-ए-ई दिवसभर टिकतं का, आणि परत उतरवून रियाजाला बसल्यावर त्यांवर मींड नीट निघते का?