रात्रभर लाईट नव्हती, फ्रीझरमधलं मटण वितळलं. परत गोठवता येईल का?

प्रश्न (परभणी)
एका दाराचा फ्रीज. काल रात्री ९ ला लाईट गेली, आज सकाळी ६ ला आली. बर्फाच्या कप्प्यात रविवारच्या कंदुरीसाठी आणलेलं ३ किलो मटण (एकच गोळा), १ किलो चिकन आणि पाव किलो कलेजी होती. मटण बाहेरून मऊ पण थंडगार, आत बर्फ. चिकन पूर्ण मऊ, हाताला गारही लागत नाही. कलेजी मऊ, पण गार. वास कशालाच नाही. आज बुधवार. काय ठेवू, काय टाकू?

प्रतिसाद १
ताई, वासावर जाऊ नका. आजारी पाडणारे जंतू वास न येताही वाढलेले असतात. ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते झपाट्याने वाढतात. गोठवल्याने बहुतेक मरत नाहीत, नुसते थांबतात.

मटण परत गोठवा. आत बर्फ आणि वरून फ्रीजइतकं गार, म्हणजे धोका नाही. फक्त तसाच गोळा ठेवू नका. सुटलेले तुकडे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत चपटे पसरा, हवा काढा. गोळा हळू गोठतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फाटतात. मग शिजवताना पाणी सुटतं, मटण चिवट लागतं.

कलेजी थर्मामीटरवर ४ अंश किंवा खाली असेल तर आजच शिजवा. मोजता येत नसेल तर टाका.

चिकन टाकाच.

ताई
हळद-मीठ लावून चांगलं उकळलं तरी नाही का चालणार?

प्रतिसाद १
नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी मांसात सोडलेलं विष उकळूनही टिकतं. कच्चं मांस बाहेर जास्तीत जास्त २ तास, आणि ३२ अंशांवर हवा असेल तर १ तास. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही स्वयंपाकघर तेवढं तापलेलं असतं.

प्रतिसाद २
वितळवण्याबद्दल. चपट्या पिशव्या शनिवारी सकाळी खालच्या कप्प्यात, पातेल्यात ठेवा म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. गोळा तसाच राहिला तर शुक्रवारी रात्रीच काढा, ३ किलोला दीड दिवस लागतो.

घाई झाली तर गार पाण्यात: पिशवी घट्ट बांधून बुडवायची, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. अर्ध्या किलोला साधारण तास लागतो. पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हात तापलेलं असतं, ते अजिबात वापरू नका. माठातलं घ्या, बर्फ घाला. पाण्याची ओढ असेल तर बदलण्याऐवजी बर्फच घालत राहा, पाणी गार राहिलं म्हणजे झालं.

फ्रीजमध्ये वितळलेलं मटण न शिजवता परत गोठवता येतं, चव थोडी उतरते. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं मात्र लगेच शिजवायचं. उरलेलं सुकं पसरट भांड्यात निववून २ तासांच्या आत गोठवलं तर चालतं.

ताई
पुन्हा लाईट गेली आणि घरात कुणी नसेल तर कसं कळणार?

प्रतिसाद २
वाटीभर पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मटण कितीही टणक दिसलं तरी वापरू नका. आणि लाईट नसताना दार उघडून बघायचं नाही. फ्रीझर गच्च भरलेला असला की गारवा जास्त टिकतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.